कोण मोठं, किती मोठं? प्रदेशांच्या क्षेत्रफळांची तुलना शिकताना

क्षेत्रफळाच्या बाबतीत महाराष्ट्र देशात तिसरा, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. राजस्थान, मध्य प्रदेश, मग आपण. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात अंतर किती, असं मी वर्गात विचारलं की सगळे गप्प होतात. मध्य प्रदेश ३,०८,२४५ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्र ३,०७,७१३. फरक अवघा ५३२. जनगणनेच्या तक्त्यात बृहन्मुंबईचंच क्षेत्रफळ ६०३ धरलं आहे. म्हणजे आणखी एका मुंबईएवढी जमीन आपल्याकडे असती, तर आपण दुसरे असतो. आता राजस्थानकडे बघा. तो ३,४२,२३९, म्हणजे आपल्यापेक्षा ३४,५२६ चौ. किमीने मोठा. अख्खा कोकण विभाग ३०,७२८चा. तो पुन्हा एकदा जोडला तरी आपण राजस्थानला गाठत नाही.

नुसते क्रमांक पाठ करणाऱ्याला हे दोन्ही फरक एक-एका पायरीचे वाटतात. म्हणून स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवताना मी क्रमांक शेवटी सांगते, आधी तुलना कशी करायची ते. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी तीच रीत इथे मांडते. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली घेतली आहेत, कारण ओळखीच्या जमिनीवर आकडे लवकर समजतात.

पहिली पायरी: सीमा कोणती, ते ठरवा

‘विदर्भ मोठा की मराठवाडा?’ हा प्रश्न सोपा आहे, कारण दोन्हींच्या सीमा सरकारी विभागांशी जुळतात. नागपूर विभाग ५१,३७७ आणि अमरावती विभाग ४६,०२७ मिळून विदर्भ ९७,४०४ चौ. किमी. मराठवाडा म्हणजे छत्रपती संभाजीनगर विभाग, ६४,८१३. विषय संपला.

‘खानदेश मोठा की कोकण?’ म्हटलं की मात्र पंचाईत. खानदेश नावाचा विभाग सरकारदरबारी नाही. नाशिक विभाग आहे, ५७,४९३ चौ. किमीचा, पण त्यात नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हेही येतात. नगरच्या माणसाला खानदेशी म्हणून बघा, काय उत्तर मिळतं ते! जळगाव ११,७६५, धुळे ७,१९५ आणि नंदुरबार ५,९५५ एवढंच धरलं तर खानदेश २४,९१५. कोकणातही मुंबई धरायची की नाही, हा वाद आहेच. धरली तर ३०,७२८, वगळली तर ३०,१२५. इथे निकाल बदलत नाही, पण कोणती सीमा धरली ते लिहून ठेवायची सवय लावा. पश्चिम महाराष्ट्र म्हणजे नेमकं काय, यावर तर दोन माणसांचं एकमत व्हायचं नाही. पुणे विभागाचे पाच जिल्हे (५७,२७५) म्हणा आणि पुढे चला.

राज्याच्या सहा विभागांची बेरीज करून बघा: ६४,८१३, ५७,४९३, ५७,२७५, ५१,३७७, ४६,०२७, ३०,७२८. बरोबर ३,०७,७१३ येते. आकडे इतके नेटके जुळण्याचं सुख दर वेळी मिळत नाही, कारण पुढे येतंच आहे.

दुसरी पायरी: दोन्ही आकडे एकाच तक्त्यातून घ्या

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. एक आकडा कुठल्या संकेतस्थळावरचा, दुसरा गाइडमधला, तिसरा कुणी तरी फॉरवर्ड केलेला. प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर असू शकतो, पण त्यांची आपसात तुलना होत नाही.

मुंबईचंच घ्या. जनगणनेत शहर जिल्हा १५७ आणि उपनगर ४४६ मिळून ६०३ चौ. किमी. पालिकेच्या २०३४च्या विकास आराखड्यात बृहन्मुंबई आहे ४५८ चौ. किमीची. आता एकाने मुंबई ६०३ धरून ठाण्याशी तुलना केली आणि दुसऱ्याने ४५८ धरून, तर दोघांचं भांडण मिटणारच नाही. दोघंही कागद दाखवतील, आणि कागद दोघांचेही खरे.

अख्ख्या राज्याचंही तसंच. भूमी वापराच्या आकडेवारीत महाराष्ट्राचं भौगोलिक क्षेत्र ३०७.५८ लाख हेक्टर लिहिलेलं सापडतं. म्हणजे ३,०७,५८० चौ. किमी, नेहमीच्या आकड्याहून १३३ने कमी. राज्याचा आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाकडून येतो. खालच्या पातळीवरचे आकडे जमिनीच्या नोंदींतून, तलाठी-भूमापनाच्या दफ्तरांतून वर चढत येतात. दोन वाटांनी आलेल्या बेरजा तंतोतंत जुळत नाहीत, आणि जनगणनेचे तक्ते तशी तळटीपही देतात. तळटीप वाचत जा. मी अनेक वर्षं वाचत नव्हते.

मग वापरायचं काय? जिल्ह्यांसाठी जनगणनेचा तक्ता, किंवा राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’. राज्याची ‘आर्थिक पाहणी’ही चालेल. यांतलं कुठलंही एक घ्या आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा. मध्य प्रदेश कुठे ३,०८,२४५ तर कुठे ३,०८,२५२ दिसेल. त्या सात चौ. किमीसाठी झोप घालवू नका.

जुन्या तक्त्यात अहिल्यानगर अहमदनगर असेल, छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद असेल आणि धाराशिव उस्मानाबाद असेल. नाव बदलल्याने जमीन वाढत नाही, पण शोधताना यादीतून जिल्हा निसटतो.

तिसरी पायरी: साल बघा

ही चूक मी स्वतः केली आहे. एका सराव परीक्षेत मी ठाणे ९,५५८ आणि पालघर ५,३४४ असे दोन्ही आकडे एका यादीत दिले. एका मुलीने हात वर करून विचारलं, ‘मॅडम, मग कोकण विभाग फुगला नाही का?’ फुगला होताच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा ३६वा जिल्हा निघाला आणि ठाणे उरलं ४,२१४. मी ९,५५८ हा आकडा घेतला होता २०११च्या जनगणनेतून, म्हणजे फाळणीच्या आधीचा. पालघरची जमीन मी दोनदा मोजली होती.

महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची वाटणी १९८०नंतर बरीच झाली. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादेतून जालना. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार आणि अकोल्यातून वाशिम. १९९९ साली परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. यांतलं चंद्रपूरचं उदाहरण मला फार आवडतं. आजचं चंद्रपूर ११,४४३ आणि गडचिरोली १४,४१२, एकत्र २५,८५५ चौ. किमी. हा एक जिल्हा होता तेव्हा तो मेघालय राज्याहून (२२,४२९) मोठा होता आणि महाराष्ट्रात पहिला. फुटल्यावर पहिला मान अहमदनगरकडे गेला, १७,०४८ चौ. किमी. नगरने एक एकरही न कमावता पहिला क्रमांक मिळवला.

राज्यांचंही असंच होतं. आज दुसरा असलेला मध्य प्रदेश १ नोव्हेंबर २००० पर्यंत ४,४३,४४६ चौ. किमीसह देशात पहिला होता. त्या दिवशी छत्तीसगड वेगळं झालं आणि राजस्थान बसल्या जागी पहिला झाला. तेलंगणाचे तर दोन आकडे फिरतात, १,१४,८४० आणि १,१२,०७७. २०१४ साली पोलावरम धरणाच्या प्रकल्पापायी खम्मम जिल्ह्यातली सात मंडळं (आपल्याकडच्या तालुक्यांसारखी) आंध्र प्रदेशाला जोडली गेली, त्यातून हा २,७६३चा फरक पडला. म्हणून तेलंगणाचा पहिला आकडा आणि आंध्रचा दुसरा (१,६२,९६८) अशी जोडी कधीही लावू नका.

एक नाजूक प्रकरण जम्मू-काश्मीरचं. जुन्या याद्यांत हे राज्य २,२२,२३६ चौ. किमीसह उत्तर प्रदेशाच्या (२,४०,९२८) लगेच खाली दिसतं. त्यात पाकिस्तानच्या ताब्यातले ७८,११४, पाकिस्तानने चीनला दिलेले ५,१८० आणि लडाखमधले चीनच्या ताब्यातले ३७,५५५ चौ. किमी धरलेले आहेत. देशाचा ३२,८७,२६३ हा आकडाही ते सगळं धरून आहे. लोकसंख्येची घनता काढताना मात्र जनगणना हे १,२०,८४९ चौ. किमी वजा करते, कारण तिथे शिरगणती होत नाही. तेव्हा उरतात ३१,६६,४१४. म्हणून भारताचे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका. क्षेत्रफळासाठी पहिला, घनतेसाठी दुसरा.

चौथी पायरी: एकक एक करा

इथे फार वेळ घालवायला नको. १ चौ. किमी म्हणजे १०० हेक्टर, म्हणजे साधारण २४७ एकर. एकराचे ४० गुंठे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. शेतकी अहवाल लाख हेक्टरमध्ये बोलतात, तिथे एक लाख हेक्टर म्हणजे एक हजार चौ. किमी. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये चौरस मैल सापडतील, त्यांना २.५९ने गुणा. दहा एकर शेत असलेल्या माणसाला सांगायचं तर एका चौ. किमीत त्याच्यासारखी पंचवीसएक शेतं बसतात.

पाचवी पायरी: वजाबाकीपेक्षा भागाकार

‘गडचिरोली मुंबईपेक्षा १३,८०९ चौ. किमीने मोठी’ हे वाक्य खरं आहे, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. १४,४१२ला ६०३ने भागा. गडचिरोली जिल्ह्यात जवळजवळ चोवीस मुंबया बसतात. हे कुणीही विसरत नाही.

टक्केवारी काढताना पाया कोणता, ते बघा. राजस्थान महाराष्ट्राहून ११ टक्क्यांनी मोठा, पण महाराष्ट्र राजस्थानहून १० टक्क्यांनीच लहान. फरक तोच ३४,५२६, भागणारा आकडा वेगळा. बातम्यांत ही गफलत सर्रास होते.

त्याहून उपयोगी म्हणजे जोड्या लावणं. अनोळखी प्रदेशाला ओळखीच्या जिल्ह्याशेजारी बसवा. माझ्या वहीतल्या काही जोड्या देते. त्रिपुरा राज्य १०,४८६, सातारा जिल्हा १०,४८०. सिक्कीम ७,०९६, रायगड ७,१५२. नागालँड १६,५७९, म्हणजे अहिल्यानगरपेक्षा लहान. गोवा ३,७०२, शेजारचा सिंधुदुर्ग ५,२०७, जवळजवळ दीडपट. गुजरातचा कच्छ जिल्हा ४५,६७४, अख्खा हरियाणा ४४,२१२. आणि विदर्भ ९७,४०४ तर बिहार ९४,१६३. शेवटची जोडी सांगितली की वर्गात हमखास कुणी तरी ‘काहीतरीच काय’ म्हणतं.

सहावी पायरी: चौरसाची बाजू

ही युक्ती कुठल्या गाइडात नसते. क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढा. तेवढी बाजू असलेला चौरस म्हणजे तो प्रदेश, असं समजा. सातारा म्हणजे १०२ किमी बाजूचा चौरस, गोवा ६१चा, बृहन्मुंबई साडेचोवीसचा, अख्खा महाराष्ट्र ५५५चा. गडचिरोली १२० भरते.

आता गंमत बघा. गडचिरोली मुंबईच्या चोवीसपट, पण बाजू जेमतेम पाचपट. क्षेत्रफळ चौपट झालं तर प्रवास दुप्पटच होतो. आपलं मन मात्र मोठेपणा प्रवासावरून मोजतं, आणि त्यामुळे फसतं.

माझी आत्या रत्नागिरीची. ‘आमचा जिल्हा केवढा मोठा आहे, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाता जात नाही,’ हे तिचं ठाम मत. रत्नागिरी ८,२०८ चौ. किमी, जळगावपेक्षा बराच लहान. पण तो समुद्र आणि सह्याद्रीच्या मध्ये उत्तर-दक्षिण ताणलेला आहे, वर दऱ्या-खाड्या आणि वळणांचे रस्ते. मंडणगडहून निघून राजापूर गाठायचं म्हणजे दिवसाचं काम. चौरसाची बाजू येते जेमतेम ९१ किमी. प्रदेश लांबट असला की बाजूचा आकडा आणि अनुभव जुळत नाहीत, आणि तेव्हा चूक आकड्याची नसते, आकाराची असते. आत्याला मी हे समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि मत बदललं नाही.

सातवी पायरी: नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

मोबाइलवरचे बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितकी जमीन फुगते. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं हे उदाहरण सगळे देतात, पण आपल्या देशातही ही फूग आहे. राजस्थान प्रत्यक्षात आपल्यापेक्षा ११ टक्के मोठा, मोबाइलच्या पडद्यावर तो २४-२५ टक्के मोठा दिसतो. केरळाच्या तुलनेत लडाख तर खऱ्यापेक्षा चाळीसेक टक्के जास्त पसरलेला दिसतो. महाराष्ट्राच्या आत मात्र फरक किरकोळ आहे. नंदुरबारची उत्तर टोकाची जमीन सिंधुदुर्गाच्या मानाने फार तर आठ टक्के फुगते. जिल्ह्यांची तुलना डोळ्यांनी केली तर चालतं, राज्यांची करू नये.

क्यूजीआयएससारखं नकाशांचं सॉफ्टवेअर वापरायला शिकत असाल, तर हीच चूक तिथे दबा धरून बसलेली असते. वेब मर्केटरमध्येच, म्हणजे मोबाइल नकाशांच्या त्याच पद्धतीत, सपाट क्षेत्रफळ मोजलं तर महाराष्ट्र ३,४५,०००च्या आसपास येतो, म्हणजे राजस्थानच्या खऱ्या आकड्याहूनही मोठा. असं उत्तर आलं तर आनंद मानू नका, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) तपासा. क्षेत्रफळ न फुगवणारं समक्षेत्र प्रक्षेपण निवडा, किंवा लंबगोलावरचं, म्हणजे पृथ्वीच्या खऱ्या आकारावरचं, क्षेत्रफळ मोजणारा पर्याय घ्या.

संगणक नसेल तर आलेख कागद आहेच. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून सीमा गिरवा आणि चौकोन मोजा. पूर्ण चौकोन एक, अर्ध्याहून जास्त भरलेला तोही एक, अर्ध्याहून कमी तो सोडून द्या. खरी मेख प्रमाणात आहे. १:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंमी म्हणजे १० किमी, पण १ चौ. सेंमी म्हणजे १०० चौ. किमी. दहाने गुणून थांबणारे इतके असतात की आता मी तपासताना आधी तेच बघते. सिंधुदुर्ग या प्रमाणावर ५२ चौकोन भरायला हवा. तुम्हाला ५० ते ५४च्या दरम्यान उत्तर आलं, तर हात बरा बसला म्हणायचा.

किनारा वेडावाकडा असला तरी क्षेत्रफळ फारसं हलत नाही, ही यातली जमेची बाजू. लांबीचं तसं नाही. भारताचा समुद्रकिनारा वर्षानुवर्षं ७,५१६ किमी शिकवला गेला. बारीक प्रमाणाच्या नकाशावरून प्रत्येक खाडी-वळण मोजल्यावर तो ११,०९८ किमी भरला. जमीन तेवढीच, फक्त दोरी जास्त वळणांतून फिरली.

आकडा हातात आल्यावर

मोठा म्हणजे दाट वस्तीचा, असं लोक नकळत धरून चालतात. विदर्भ बिहारहून मोठा, पण २०११ साली विदर्भात २.३ कोटी माणसं होती आणि बिहारात १०.४ कोटी. गडचिरोलीत दर चौ. किमीला ७४ माणसं, मुंबई उपनगरात जवळपास २१ हजार. गडचिरोलीचा मोठा भाग जंगलाचा आहे, तेव्हा तिथे क्षेत्रफळाला शेतीची किंवा वस्तीची जमीन समजून चालणार नाही.

तरीही क्षेत्रफळाचा वाटा राजकारणात वजन राखून आहे. १९९४ साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं झाली. अनुशेषाच्या चर्चेत ‘आमचा वाटा किती’ हा प्रश्न निघाला की लोकसंख्येबरोबर जमीनही मांडली जाते. विदर्भ ३१.७ टक्के, मराठवाडा २१.१, उर्वरित ४७.३. बेरीज १००.१ येते, ती दशांश पूर्ण केल्यामुळे. कुणी त्यावरून तुम्हाला अडवलं तर मूळ आकडे पुढे ठेवा.

सरावासाठी आपल्याच जिल्ह्याचं समालोचन उघडा. सगळ्या तालुक्यांची क्षेत्रफळं एका कागदावर उतरवा, बेरीज करा आणि जिल्ह्याच्या आकड्याशी ताडून बघा. मग आपल्या तालुक्याला गोव्याच्या ३,७०२ने भागा आणि चौरसाची बाजू काढा. बेरीज जुळली नाही तर आधी पुस्तिकेचं साल बघा, मग तळटीप.